डेल्मरची कोरडी बोट

शनिवारी संध्याकाळी मेव्हणा हॉइट बोट न्यायला येणार हे पक्कं ठरलं होतं, तरी डेल्मर टिडवेल सकाळी उठल्या उठल्या गॅरेजमध्ये जाऊन ती पुसायला लागला. उद्यापासून जी आपली नाही तिला आज कशाला पुसायचं, हा प्रश्न त्याला पडला नाही. पडला असता तर त्यानं तोही पुसून टाकला असता.

"डेल्मर, बोट विकलीय आपण," दारात कॉफीचा कप घेऊन उभी असलेली त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

"विकलीय. अजून दिली नाही."

यात व्हर्नाचं काही चुकलं असं आमच्या पर्डी गावात कुणीही म्हणणार नाही. ही बोट निवडायला डेल्मरनं तीन हिवाळे घालवले होते. अलाबामातलं एकही बोटींचं प्रदर्शन त्यानं सोडलं नाही. प्रत्येक बोटीत चढायचा, प्रत्येक खुर्चीत बसायचा, झाकणं उघडायचा, मिटायचा, खाली आडवा होऊन ट्रेलरची चाकं बघायचा आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून यायचा. व्हर्नाचा भाऊ हॉइट लेडबेटर त्याला सांगून थकला, "अरे, अॅल्युमिनियमची घे! दगडावर आपट, झाडाच्या खुंटावर घास, काही होत नाही तिला." नेमकं तेच डेल्मरला खटकायचं. जिला काही होत नाही तिची काळजी काय घ्यायची?

मग बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात दिव्यांच्या झोतात त्याला ही दिसली. फायबरची, गर्द जांभळी, आणि त्या जांभळ्या रंगाच्या आत खोलवर चमकीचे कण असे की एक पाऊल सरकलं तर सगळी बोट वेगळ्याच अंगानं लखलखायची. डेल्मरनं डोक्यावरची टोपी काढली. तो टोपी फक्त चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि रस्त्यानं अंत्ययात्रा चालली असेल तेव्हा काढतो. विकणारा पोरगा अनुभवी असावा. तो एक शब्दही बोलला नाही.

बोट घरी आली आणि तिची सेवा सुरू झाली. दर रविवारी चर्चहून आल्यावर बॅटऱ्या चार्ज करायच्या, ट्रेलरच्या चाकांत ग्रीस भरायचं, मासे जिवंत ठेवायच्या टाकीत बागेच्या नळीनं पाणी सोडून तिचा पंप चालवून बघायचा, आणि मग अंधार पडेपर्यंत मेण लावून घासायचं. बोटीचे नियमही होते. बूट घालून चढायचं नाही. आमिषाची रबरी गांडूळं चमकीवर ठेवायची नाहीत, रबरानं रंग उतरतो. जाळं आणायचं नाही, ते ठिबकतं. गळ उघडा टाकायचा नाही, गालिचात अडकतो. एवढ्या नियमांतून वाट काढून मासा पकडणं कुणालाही जमलं नसतं, आणि डेल्मरनं तो कधी पकडलाही नाही. दोन उन्हाळे गेले. गावातल्या इतर बोटींना माशांचा वास यायचा, हिला लिंबाच्या मेणाचा. लोक तिला 'कोरडी बोट' म्हणायला लागले, तर डेल्मरला ते कौतुक वाटलं.

गॅरेज बोटीनं भरल्यामुळे व्हर्नाची गाडी बाहेर. मार्चमध्ये गारा पडल्या आणि गाडीच्या टपाला पोचे आले. एप्रिलमध्ये पाइनची झाडं फुलली आणि गाडी पिवळ्या परागांनी माखून गेली. एका सकाळी व्हर्नानं त्या पिवळ्या काचेवर बोटानं लिहिलं, "मी की ती?" डेल्मरनं वाचलं आणि तो विचार करायला लागला. तिथंच त्याचं चुकलं. यावर विचार करायचा नसतो.

त्याच दुपारी व्हर्नानं हॉइटला फोन करून बोटीचा सौदा केला. ती घरी आली तेव्हापासून हॉइटचा तिच्यावर डोळा होता. तसा तो गावातला मानाचा माणूस, चर्चच्या कारभारी मंडळात. शिवाय मिल्स्टोन तलावातला आजवरचा सगळ्यात मोठा बास मासा त्याच्या नावावर. बारा पौंडांचा. ओपल यान्सीच्या आमिषाच्या दुकानात भिंतीवर विक्रमांचा फळा आहे, त्यावर त्याचं नाव आहे, आणि ते कुणी विसरू नये म्हणून तो रोज सकाळी त्या फळ्याखाली उभा राहून कॉफी पितो.

तर त्या शनिवारी डेल्मर फडकं पिळत व्हर्नाला म्हणाला, "एक सांगू? तू एकदाही बसली नाहीस माझ्या बोटीत. आज शेवटचा दिवस. चल ना."

त्याचा आवाज असा काही आला की व्हर्नाला नाही म्हणवेना. तिनं मिरची-चीजची सँडविचेस बांधून घेतली, बरणीभर गोड गार चहा घेतला, बूट काढून हातात धरले आणि निघाली.

तलावाच्या पाण्यावरही परागांची पिवळी साय धरली होती. डेल्मरनं एका जुन्या लाकडी धक्क्याजवळ बोट थांबवली, फडकं काढलं आणि कडेवर साचलेले पराग टिपायला वाकला.

"आपण इथं कशाला थांबलो?" व्हर्नानं विचारलं.

"सावली आहे. उन्हात पाण्याचे डाग पडतात."

"आणि ही गळाची काठी?"

"ती बोटीबरोबर शोभून दिसते."

व्हर्नानं एक सँडविच खाल्लं. चहा प्यायली. डेल्मरची पाठ बघितली. मग दुसरं काहीच करायला नाही म्हणून तिनं ती शोभेची काठी उचलली, डब्यातलं एक रबरी गांडूळ गळाला अडकवलं आणि धक्क्याखालच्या काळ्या पाण्यात सोडून दिलं. लहानपणी नदीवर ती असंच करायची.

गांडूळ तळाला गेलं. मग दोरी आपली आपणच बाजूला चालायला लागली.

"डेल्मर, ही दोरी कुठं चाललीय?"

"कुठली दोरी?" म्हणत डेल्मर वळला, आणि तेवढ्यात काठी वाकून पाण्याला टेकली. रीळ किंचाळलं. व्हर्ना उठून उभी राहिली, तिनं दोन्ही पाय बोटीच्या कडेला रोवले आणि चाळीस वर्षांच्या संसारात डेल्मरनं कधी ऐकला नव्हता असा एक हुंकार दिला.

"गालिचा! गालिचा सांभाळ!" डेल्मर ओरडला.

तेव्हा पाणी फुटलं आणि मासा वर आला. त्याचं तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडात डेल्मरची टोपी सहज मावली असती. हिरवं-काळं जाड अंग पुरतं हवेत आलं, डोकं दोनदा झटकलं गेलं, आणि तो पुन्हा आत पडला तेव्हा शंभर वेळा मेण लावलेली ती जांभळी बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजली.

डेल्मरनं पुसलं नाही. त्यानं टोपी काढली.

"अरे, बघत काय राहिलास! जाळं आण!"

"जाळं नाही. ठिबकतं म्हणून—"

"डेल्मर!"

मग तो माणूस पोटावर आडवा झाला, कमरेपर्यंत बाहेर लोंबकळला आणि त्यानं अंगठा थेट माशाच्या तोंडात घालून खालचा जबडा धरला. वर ओढताना त्याच्या तोंडून जे निघालं ते चर्चमध्ये म्हणतात त्यातलंच होतं. मासा गालिचावर आला. चिकट, ओला, गालिचाभर. डेल्मर त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. व्हर्नाही बसली. एवढी मोठी जिवंत वस्तू त्या पिवळ्या पाण्याखाली इतकी वर्षं गुपचूप हिंडत होती आणि आपण वर चहा पीत बसलो होतो, या विचारानं दोघांच्याही अंगावर काटा आला.

"ही मादी आहे. पोटात अंडी आहेत," डेल्मर कुजबुजला. "व्हर्ना, ही हॉइटच्या माशापेक्षा मोठी आहे."

"टाकीत घाल तिला आधी!"

टाकीत मेणाचे डबे आणि घड्या घातलेली फडकी होती. डेल्मरनं ती दोन्ही हातांनी भिरकावून दिली, पंप सुरू केला आणि टाकी पहिल्या झटक्याला भरू लागली. दर रविवारी नळीनं पाणी सोडून चालवलेला तो पंप एकदाही अडखळला नाही. मासळी पाण्यात गेली, तिचे कल्ले उघडमीट करायला लागले, आणि डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट विकल्याचं एवढं दुःख त्याला तोवर झालं नव्हतं.

ओपलच्या दुकानात त्यांनी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा ओपल बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्या काट्यावर नका घालू," त्या म्हणाल्या. "त्याच्या सरकारी शिक्क्याची मुदत संपलीय. फळ्यावर नाव लावायचं तर शिक्क्याचा काटा लागतो. गावात एकच आहे. हडलस्टनकडं, मटणाच्या काउंटरवर."

मग काय, बोट ट्रेलरवर, टाकी काठोकाठ, पंप चालू, आणि डेल्मर गाडी इतकी सावकाश चालवतोय की कडेनं चालणारी बाई त्याच्या आधी पोचली. खड्डा आला की व्हर्ना खिडकीतून मान काढून ओरडायची, "हळू! तिला लागेल!" ओपल बाई दुकान बंद करून मागं निघाल्या. त्यांच्यामागं कॉफी पिणारे सगळे आपापल्या पिकअप घेऊन. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ही संथ रांग पाहून गाडी कडेला घेतली आणि कोण गेलं असेल म्हणून आदरानं टोपी काढली. बोट घ्यायला निघालेला हॉइटही वाटेत त्या रांगेत सापडला.

हडलस्टनच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. डेल्मरनं त्याचं सगळ्यात मऊ, आजवर फक्त मेणासाठी वापरलेलं फडकं टाकीतल्या पाण्यात भिजवलं, त्यात मासळी गुंडाळली आणि बाळाला आणावं तशी छातीशी धरून आत आणली. लोकांनी वाट दिली. चर्चच्या बायकांचा सगळा वर्ग तिथंच होता, हातात कोबी आणि पाव घेऊन. मि. हडलस्टननी काट्यावर कागद अंथरला, फडक्याचं वजन वजा केलं, आणि ती काट्यावर आडवी झाली. दोन्ही बाजूंनी बाहेर आली. दुकानात एवढी शांतता झाली की फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली.

"तेरा पौंड दोन औंस," हडलस्टन म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. काट्यातून सवयीनं एक चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर वजन बरोबर होतं, पण वर छापलं होतं, 'डुकराच्या बरगड्या, ताज्या.' कुणी हसलं नाही. अशा वेळी माणूस हसत नाही.

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं.

डेल्मर तिला पळत टाकीत ठेवून परत आला तेव्हा हॉइट काउंटरला कोपर टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज गोड होता.

"अभिनंदन, व्हर्ना. फक्त एक शंका. विक्रमाला परवाना लागतो ना गं? मासेमारीचा?"

पावाच्या कपाटाजवळ मासेमारी खात्याचा वॉर्डन ग्रेडी स्पार्क्स बर्गरचे पाव निवडत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नाइलाजानं पाव खाली ठेवले.

"लागतो," तो म्हणाला. "व्हर्ना मॅडम, परवाना आहे तुमच्याकडं?"

"मी कशाला काढू परवाना? मी सँडविच खायला गेले होते!"

"मी काढतो, आत्ता काढतो!" डेल्मरनं फोन काढला.

"मासा पकडल्यावर काढलेला चालत नाही, मि. टिडवेल. वय पासष्ट पूर्ण असेल तर परवान्याची गरजच नाही. पण..." ग्रेडी ओशाळला. "यांच्या साठीचा केक मीच गेल्या वर्षी दोनदा मागून खाल्ला."

हॉइट छताकडं बघत होता. त्या दुकानात व्हर्नाखेरीज एकट्या त्यालाच ठाऊक होतं की तो केक सहा वर्षं उशिरा कापला होता. अख्खं गाव हॉइटला व्हर्नाचा थोरला भाऊ समजायचं. खरं म्हणजे तो तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. लग्न ठरताना तिनं डेल्मरला जे वय सांगितलं, तेच पुढं एकेक वर्षानं इमानेइतबारे वाढवत आणलं होतं. सरकारी कागद सगळे तीच बघायची. डेल्मर फक्त ती दाखवेल तिथं सही करायचा. हॉइटला तिनं तेव्हाच बजावलं होतं, तोंड उघडलंस तर याद राख. त्यानं कधी उघडलं नाही. आजही त्याला उघडायची गरज नव्हती. मान जाईल, पण व्हर्ना वय सांगणार नाही, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार?

"म्हणजे विक्रम नाही. आणि दंड," ग्रेडी हळूच म्हणाला. "माफ करा, मॅडम. मला लिहावं लागेल."

"माझ्या नावावर लिही," डेल्मर म्हणाला.

"मासा यांनी—"

"काठी माझी, बोट माझी, बळेच तिला नेलं मी. दंड माझा. तिच्या नावावर एक अक्षर लिहू नकोस, ग्रेडी." त्यानं खिशातून बोटीची किल्ली काढली आणि हॉइटपुढं धरली. "घे. पण आधी मासळीला तलावात सोडायला जाऊ दे. पंप दर रविवारी चालवत जा. टाकीत ब्लीच घालू नकोस कधी."

हॉइटनं हात पुढं केला. व्हर्नानं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळपासून भिजलेला शर्ट, छातीवर माशाचा चिकटा, अंगठ्याची सालं निघालेली, आणि ज्या डागांसाठी तो जीव टाकायचा ते डाग आता त्याच्या पँटवर. आपल्यासाठी या माणसानं कधी टोपी काढली नाही, असं तिला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "ग्रेडी, फळ्यावर काय काय लिहितात?"

"नाव आणि वजन."

"वय नाही?"

"वय नाही."

"आणि वजन माशाचं ना?"

"माशाचंच, मॅडम."

व्हर्नानं चर्चच्या बायकांकडं एकदा पाहिलं. मग पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"सहासष्ट."

"काय सहासष्ट?"

"माझं वय, ग्रेडी. नोव्हेंबरात सदुसष्ट पूर्ण होतील."

मिसेस हडलस्टनच्या हातातून अंड्यांचा डबा सुटला. ओपल बाईंनी पुन्हा चष्मा काढला.

"खरं वाटत नसेल तर हॉइटला विचार," व्हर्ना म्हणाली. "याला मी कडेवर घेऊन अंगणभर फिरवलाय. नाक पुसलंय याचं. सांग ना, हॉइट. कारभारी आहेस चर्चचा, सगळ्यांसमोर सांग."

हॉइटनं काउंटरवरची बरगड्यांची चिठ्ठी उलटी करून ठेवली. मग म्हणाला, "हो." त्या एका शब्दात त्याचा विक्रम गेला, बोट गेली आणि थोरलेपणही गेलं. व्हर्नानं नवऱ्याच्या तळहातावरची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"आणि तुझी गाडी?" हॉइट हरलेल्या आवाजात म्हणाला. "ती बाहेरच राहणार का?"

"तिला डेल्मर पुसेल," व्हर्ना म्हणाली.

ऊन उतरायच्या वेळी दोघं परत त्या लाकडी धक्क्याजवळ आली. व्हर्नानं मासळी दोन्ही हातांवर पाण्यात धरली. बराच वेळ ती तशीच राहिली, कल्ले हलवत. मग तिनं शेपटीचा एकच झटका दिला, दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि ती काळ्या पाण्यात उतरून दिसेनाशी झाली. डेल्मर त्या जागेकडं पाहत राहिला. मग बायकोकडं पाहत राहिला. त्यातली जास्त मोठी गोष्ट कुठली हे त्याला ठरवता येईना.

"व्हर्ना," तो म्हणाला. "म्हणजे तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी."

"हो."

"चाळीस वर्षं प्रत्येक भांडणात तू म्हणत आलीस, तू मोठा आहेस, तू समजून घे."

"म्हणत आले."

"आणि मी समजून घेत आलो!"

"छान घेतलंस," व्हर्ना म्हणाली आणि काठी उचलून उभी राहिली. बोटीच्या पुढच्या चौथऱ्यावर एक उंच खुर्ची असते. तिथं जो बसतो त्याच्या पायाखाली छोट्या मोटरचं पेडल असतं, बोट तो नेईल तिकडंच जाते आणि पाण्यात पहिला गळ त्याचाच पडतो. डेल्मर त्या खुर्चीत बसला होता. तिनं काठीच्या टोकानं त्याला खांद्यावर हलकेच टोचलं.

"ऊठ. मागं जाऊन बस. पुढं मोठी माणसं बसतात."

डेल्मर निमूटपणे मागं जाऊन बसला.